सुमनताईंच्या लाल खुंट्या

सुमनताईंच्या पदराला कायम एक गाठ असायची. बायका पदराला कपाटाची किल्ली बांधतात, सुटे पैसे बांधतात, एखादी दाढदुखीची लवंग बांधते. बारा वर्षं मी त्यांच्याकडे येत-जात होतो, पण त्या गाठीत काय आहे हे एकदाही विचारलं नाही. मी वायरमन माणूस, मला काय करायचं होतं? विचारलं असतं तर मात्र आज हे लिहायची वेळ आली नसती.

मी वसमतचा. आयटीआयचा वायरमन कोर्स करून जी पक्कड हातात धरली, ती गुडघे शिडीला नको म्हणेपर्यंत सोडली नाही. विहिरीवरच्या मोटरी, हळद पॉलिश करायचे ढोल, पिठाच्या गिरण्या, विहारातले पंखे, लग्नातली लायटिंग, काय म्हणाल ते केलं. या अंकाच्या संपादकांच्या घरातली वायरिंगही माझीच. ती अजून जळाली नाही, एवढ्या भरवशावर त्यांनी मला लेख लिहायला सांगितला आहे. त्यांचं त्यांनी बघावं.

वायरमनची जात मोठी मानी. बिघाड दुसऱ्याचा असला की आम्ही चारचौघांत सांगतो, आपला असला की लाइटवर ढकलतो. "व्होल्टेजच न्हाई हो" एवढं म्हटलं की गिऱ्हाईक गप्प. मीही हे आयुष्यभर केलं. पण एक बिघाड लाइटवर ढकलता आला नाही. तो सांगण्याआधी साखऱ्याच्या दाजीबांची मोटर सांगतो, कारण माझी खोड तिथून सुरू झाली.

मोबाइलवरून मोटर चालू करायचे स्टार्टर नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. त्या डब्यात सिमकार्ड असतं. घरून त्या नंबरला फोन लावला की शेतातली मोटर चालू, पुन्हा लावला की बंद. साखरा म्हणजे सेनगाव तालुक्यातलं कोरडवाहू गाव, विहिरीत पाणी मोजकं. दाजीबांच्या विहिरीवर मी तो डबा बसवला आणि ऐटीत घरी आलो. चार दिवसांनी दाजीबा थेट माझ्या दारात. पागोटं काखेत, डोळे लाल.

"वायरमन, माझ्या मोटरीला कोणाकोणाचे फोन येऊन राहिले रे?"

झालं असं होतं की त्या सिमकार्डाला कॉलर ट्यूनच्या जाहिरातीचे फोन यायचे. कोणतरी बाई तिकडून गाणं ऐकवायची आणि इकडे मोटर सुरू! दुपारी सुरू झालेली मोटर कोण बंद करणार? विहीर तळाला गेली, गाळ ओढला गेला. दाजीबा म्हणाले, "माझ्या विहिरीचं पाणी गाण्यावर गेलं." मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे मी तो डबा दुरुस्त केला, फक्त त्यांचाच नंबर चालेल असं लॉक करून दिलं, पण मशीन म्हटलं की दाजीबांचं तोंड कडू व्हायचं ते कायमचं. आणि मी काय शिकलो? तर मशीन कुणाच्या हातात मोकळं सोडायचं नाही. लॉक करायचं, कुलूप घालायचं, पासवर्ड टाकायचा. हा धडा मी जरा जास्तच मनावर घेतला.

आता सुमनताईंकडे येतो. कुरुंद्याच्या शिवारात त्यांचं चॉकी सेंटर आहे. ज्यांना रेशीमशेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेशमाच्या पाखराची अंडी आणायची. त्यातून मुंगीएवढी काळी अळी निघते. ती तुतीचा पाला खात खात महिन्याभरात बोटाएवढी होते आणि कोष विणते. मोठी अळी शेतकरी आपापल्या शेडमध्ये सांभाळतो, पण पहिले आठ-नऊ दिवस तिला तान्ह्या लेकरासारखं जपावं लागतं. ते सगळ्यांना जमत नाही. म्हणून पंधरा-वीस शेतकऱ्यांच्या अळ्या एका जागी वाढवायच्या आणि थोड्या मोठ्या झाल्या की ज्याच्या त्याला द्यायच्या. त्या जागेला चॉकी सेंटर म्हणतात. म्हणजे ताईंच्या एका खोलीत पंधरा-वीस घरांचं पीक असतं.

त्या खोलीला ऊब लागते आणि ओल लागते. ऊब कमी पडली तर अळी खात नाही. ओल कमी पडली तर कापलेला पाला सुकतो आणि इवलीशी अळी त्याला तोंड लावत नाही. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पहाटे दात वाजतात, तेव्हा खोलीत हीटर लावायचे आणि पत्र्याच्या टाकीत कॉइल टाकून पाणी तापवायचं. वाफ सुटली की ओल राहते.

हे सगळं वेळच्या वेळी चालू-बंद करायला मी ताईंना बारा वर्षांपूर्वी एक यंत्र बसवून दिलं होतं. हैदराबादच्या भंगार बाजारात सापडलेलं, कुठल्या तरी गोऱ्या मुलखातलं. तिकडे म्हणे घरं तापवावी लागतात. माणसं उठायच्या आधी घर गरम, अंघोळीचं पाणी गरम, असं दोन्ही तो डबा सांभाळायचा. एक चकती घराची, एक चकती पाण्याची. चकती चोवीस तासांत एक फेरी मारायची. कडेला भोकं. लाल खुंटी खोचली त्या वेळेला चालू, निळी खोचली त्या वेळेला बंद. मी म्हटलं, अरे, ताईंना हेच तर पाहिजे! घराच्या चकतीला हीटर जोडले, पाण्याच्या चकतीला वाफेची टाकी. साहेबाचं घर तापवणारा डबा कुरुंद्यात अळ्या शेकू लागला. मला तेव्हा काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

पण त्याचंही वय झालं. लाइट गेली की त्याचं घड्याळ थांबायचं, लाइट आली की ताई मनगटावरच्या घड्याळात बघून बोटानं चकती फिरवायच्या. शेवटी शेवटी आतली मोटरच अडकायला लागली. त्या हिवाळ्यात एक बॅच बिघडली. घड्याळ अडकलं, हीटर चालूच झाले नाहीत, अळ्या गारठल्या. शेतकऱ्यांचं पीक गेलं. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण कुजबुज सुरू झाली की पुढच्या वेळी अळ्या परभणीकडून आणाव्यात. त्यात साखऱ्याचे दाजीबाही होते. त्यांनी ठिबकवर एक एकर तुती लावली होती आणि अळ्यांसाठी एवढ्या लांब कुरुंद्याला यायचे, ते फक्त ताईंच्या नावावर.

ताई मला म्हणाल्या, "भाऊ, आणखी एक बॅच गेली तर माझ्या दारात कुणी यायचं न्हाई. सेंटर बंदच करावं लागंल."

मी म्हटलं, "ताई, तुमी काळजी सोडा. नवीन स्मार्ट कंट्रोलर टाकू. मोबाइलवर दिसतं सगळं. घड्याळ न्हाई, चकती न्हाई, खुंट्या न्हाई. खोलीत किती ऊब, किती ओल, ते स्वतःच बघतं अन् स्वतःच चालू-बंद करतं."

"स्वतःच?"

"स्वतःच. तुमी निवांत झोपा."

मीच मागे लागलो, हे इथे कबूल करतो. ताईंना पटायला आठ दिवस लागले.

बसवायला गेलो तेव्हा खोली रिकामी होती, धुऊन-चुना मारून ठेवलेली. जुना डबा भिंतीवरून काढला. वाफेच्या चकतीवर सहा निळ्या खुंट्या होत्या, पण लाल एकही नव्हती. सहा भोकं रिकामी. मी मोठ्यानं म्हणालो, "काय ताई, लाल खुंट्या कुठं पाडल्या? असं वापरतात का मशीन?"

ताई झाडू ठेवून जवळ आल्या. "भाऊ, त्या पडल्या न्हाईत. अळ्या बसल्या की मी त्या..."

मी मधेच तोडलं. "राहू द्या हो. आता खुंट्यांचं कामच न्हाई."

जाऊबाई रेखा दारात उभ्या होत्या, त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि दोघी पाला कापायचे विळे घासायला निघून गेल्या. मी शिट्टी वाजवत काम करत राहिलो.

आणि काम कसं केलं! आजही सांगताना छाती फुगते. जुन्या लोंबत्या वायरी काढल्या, सगळ्या पट्टीतून नेल्या. टाकीच्या कॉइलचा प्लग काढून टाकला आणि ती थेट पॅनलमधून जोडली. पॅनलला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मेन स्विच एकच, हीटर आणि वाफ दोन्हींचा मिळून. कंट्रोलरला पासवर्ड टाकला, तो फक्त माझ्या मोबाइलवर. ताईंचा फोन साधा बटनांचा. परभणीला शिकणारी त्यांची पोरगी सुट्टीत आली की तिच्या मोबाइलवर देऊ, असं ठरलं. ऊब किती, ओल किती, हे मी रेशीमवाल्यांच्या माहितीपत्रकात वाचून टाकलं. दाजीबांच्या मोटरीसारखी फजिती इथे होणं शक्यच नव्हतं.

नवीन बॅच सुरू झाली. मी वसमतला घरात बसून मोबाइलवर रेघा बघायचो. उबेची रेघ सरळ, ओलीची रेघ सरळ. लाइट गेली, आली, रेघ पुन्हा जागेवर. बायकोला दाखवायचो, मेहुण्याला दाखवायचो. ताईंचा फोन आला, "भाऊ, बारा वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले बघा." मला कुणी सोन्याचं कडं घातलं असतं तरी एवढं वाटलं नसतं.

चौथ्या दिवशी पहाटे अंधारातच मी सिद्धेश्वरला गेलो. धरणाच्या काठावर एका शेतकऱ्याची पाण्यातली मोटर अडकली होती. तिथे खाली मोबाइलला रेंज नाही. दुपारच्या सुमाराला डबा खायला वर बांधावर आलो आणि फोन थरथरायला लागला. ताईंचे सात मिस्ड कॉल. मी आधी रेघा उघडल्या. बघतो तर ओलीची रेघ धाडकन खाली आलेली, आणि वाफेची कॉइल सकाळपासून एकसारखी चालू! म्हणजे कॉइल वीज खातेय आणि वाफ नाही. मी म्हटलं, कॉइल गेली. नाहीतर सेन्सर गेला. ताईंना फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. ओल नाही म्हणजे पाला सुकला, पाला सुकला म्हणजे अळ्या उपाशी. मी काय केलं? जागेवरूनच मोबाइलमध्ये ओल आणखी वाढवून टाकली. कॉइल अर्धवट गेली असेल तर निदान जोर तरी लावील, या हिशेबानं.

मग डबा तसाच बांधून गाडीला किक मारली. औंढ्यावरून कुरुंद्यापर्यंत रस्ता कसा गेला मला ठाऊक नाही. डोक्यात एकच, ताईंचं सेंटर बंद पडणार आणि ते माझ्या मशीननं पाडलं.

सेंटरच्या खोलीची दारं-खिडक्या सताड उघडी. आत टाकीपाशी सुमनताई लाकडी पाटावर उभ्या, पायात रबरी चप्पल, पदर खोचलेला, अंग घामानं चिंब. खालची तोटी सोडलेली, त्यातून कढत पाणी नाल्यात चाललंय. ताई प्लास्टिकच्या बादलीनं वरून गार पाणी ओततायत. रेखाबाई हौदावरून दुसरी बादली घेऊन धावत येतायत. ती ओतून झाली की तोटी बंद. जरा दम. पाण्यातून वाफ निघायला लागली की पुन्हा तोटी उघड, पुन्हा बादली. आणि टाकीतलं पाणी कॉइलच्या खाली एकदाही जात नव्हतं.

मला काही कळेना. मी ओरडलो, "ताई! हे काय करून राहिल्या? अळ्या सुकून मरतील ना!"

ताईंनी बादली खाली ठेवली नाही. "आधी ते तुमचं बंद करा भाऊ. मग बोलू."

कुलूप काढलं, वाफेची लाइन बंद केली. तेव्हा कुठे दोघी ओट्यावर बसल्या. रेखाबाईंचे हात लाल झालेले. त्यांनी माझ्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "तकलीफ झाली तुमाले यायला." टोमणा होता, आणि बराबर होता.

ताई मला हाताला धरून रॅकपाशी घेऊन गेल्या. एक ट्रे ओढला. अळ्या दिसत होत्या, पण एकही हालत नव्हती. माना वर करून, जागच्या जागी. अंगावर पांढऱ्या चुन्याची भुकटी टाकलेली. मी म्हटलं, "मेल्या?"

"मरतील काहून? बसल्यात." ताई हळू बोलत होत्या, झोपलेल्या लेकराजवळ बोलतात तसं. "अळी चार दिवस खाते, मग कात टाकाया बसते. बसली की तिला पाला नको, ओल नको. कोरडी मोकळी हवा पाहिजे. ओल ऱ्हायली तर निम्म्या आधी उठतात, निम्म्या मागं. मग उठलेल्याला पाला टाकला की बसलेल्या पाल्याखाली दबतात, सडतात. सगळी बॅच लहान-मोठी. आज पहाटं ह्या बसाया लागल्या अन् तुमचं मशीन वाफ सोडूनच राहिलं. मी खिडकी उघडली, तर ते आणखी वाफ सोडाया लागलं."

बरोबरच होतं. मशीनचं ते कामच. ओल कमी झाली की वाफ सोड. ताई खिडकी उघडत होत्या, ते वाफ वाढवत होतं, आणि दुपारी मी धरणावरून त्याला आणखी चेव आणला होता.

"मग मेन बंद करायचा ना, ताई."

"मेन बंद केला की हीटरबी बंद. ह्या थंडीत? मागच्या बारीला गारठूनच गेल्या होत्या. प्लग तर तुमी काढून टाकला. पॅनलला कुलूप. तुमचा फोन लागंना. मग म्हटलं, पाणी तापूच द्यायचं न्हाई."

पाणी तापूच द्यायचं नाही! मशीन वीज सोडतंय तर सोडू दे, कॉइल तापतेय तर तापू दे, पाणी उकळायच्या आत बदलून टाकायचं. पहाटेपासून दुपारी तीनपर्यंत दोघी बाया हे करत होत्या. बादली बादलीनं हौद निम्मा झाला होता. मी एवढी वर्षं विजेत काढली, पण असा तोडगा मला सुचला नसता. माझ्या डोक्यात आधी पक्कड आली असती.

आता मला भीती वाटली ती वेगळीच. "ताई, चालू कॉइलच्या पाण्यात... करंट लागला असता तर?"

"तुमीच तर सांगितलं होतं, टाकीपाशी जाताना पाटावर उभं ऱ्हायचं, पायात रबर पाहिजे, लोखंडाची बादली घ्यायची न्हाई, पाण्यात बोट घालायचं न्हाई. बारा वर्षं झाली, तेव्हापासून तसंच करते. अन् कॉइल उघडी पडली की जळती, हेबी तुमीच सांगितलं. म्हणून पाणी खाली जाऊ देलं न्हाई. तुमचं मशीन नवं हाय."

मी सांगितलेलं अक्षर न् अक्षर या बाईनं जपून ठेवलं होतं. आणि त्यांचं एक वाक्य मी पुरं होऊ दिलं नव्हतं.

मग ताईंनी पदराची गाठ सोडली. आत सहा लाल खुंट्या. वापरून वापरून रंग विटलेल्या, कडा गुळगुळीत झालेल्या. अळ्या बसल्या की ताई वाफेच्या चकतीवरच्या लाल खुंट्या काढायच्या, पदराला बांधायच्या. खुंटी नाही म्हणजे वाफ चालू होणारच नाही, हीटर मात्र आपल्या वेळेवर. अळ्या उठल्या की खुंट्या पुन्हा जागेवर; आणि खोली रिकामी असली, म्हणजे मी दुरुस्तीला यायचो तेव्हा, त्या पदरालाच. कुणी शिकवलं नव्हतं. गोऱ्या मुलखात ज्यानं तो डबा बनवला त्यालाही माहीत नसेल की त्याचा असा उपयोग होतो. आणि त्यांनी त्या खुंट्या हरवल्या असं समजून मी त्यांना जाऊबाईंसमोर बोललो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो, ताई," मी म्हणालो.

"चहा घ्या," ताई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसून काम केलं. पासवर्ड काढला. कुलूप काढलं. आधी वाटलं होतं, मोबाइलमध्ये चौथ्या दिवसाची वेळ टाकून देऊ, त्या वेळी वाफ आपोआप बंद. ताई म्हणाल्या, "त्या कॅलेंडर बघून बसत न्हाईत भाऊ. कधी सकाळी बसतात, कधी सांजच्याला. पाला कसा हाय त्याच्यावर." मग कसं कळतं? तर ट्रेवर वाकून. अळीची कातडी चकाकायला लागते, डोकं मोठं दिसतं, खाण्याचा बारीक आवाज बंद होतो. हे मशीनला कसं सांगणार? म्हणून पॅनलच्या बाहेर, ताईंच्या हाताला येईल असं एक साधं बटन बसवलं. ते दाबलं की वाफ बंद, हीटर चालू. बाकी सगळं मशीननं बघायचं, पण या बटनावर मशीनची सत्ता नाही. अडीच वितीच्या वायरीचं काम. आदल्या वेळी दोन मिनिटं थांबून ऐकलं असतं तर तेव्हाच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो, झोपच लागली नव्हती. अळ्या उठल्या होत्या. ताईंनी मला ट्रे दाखवला. सगळ्या एकसारख्या. जुनी कात मागे टाकून, भुकेनं माना हलवत. रेखाबाई पाल्याची पहिली मूठ पसरत होत्या आणि आता त्या माझ्याकडे बघून हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चुना उडाला म्हणून डोळे पुसले.

दुसऱ्यांदा अळ्या बसल्या तेव्हा ताईंनी बटन दाबलं आणि सगळं आपोआप सुरळीत झालं. मशीनची तारीफही केलीच पाहिजे. एवढ्या थंडीत त्यानं ऊब तसूभर ढळू दिली नाही. लाइट पाच वेळा गेली, पण ताईंना चकती फिरवावी लागली नाही. चांगलंच मशीन आहे ते.

मग वाटपाचा दिवस आला. सकाळच्या थंड वेळेत शेतकरी जीप घेऊन, मोटरसायकली घेऊन जमले. मीही गेलो होतो. दाजीबा साखऱ्याहून पहाटेच निघून आलेले. त्यांनी ट्रे उजेडात धरला, वाकून नाक लावून पाहिला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कारण मागच्या बॅचला सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं होतं. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत.

दाजीबांनी ट्रे खाली ठेवला आणि पहिल्यांदा हसले. "एक अळी लहान न्हाई, एक मोठी न्हाई. वायरमन, माझ्या मोटरीला तू गाणं ऐकवलंस, पण इथं तुझ्या मशीनीनं कमाल केली बाबा!"

सगळे हसले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलायचा होता फक्त. त्या म्हणाल्या, "व्हय दाजीबा. मशीन चांगलं हाय, अन् बसवणाराबी चांगला हाय."

मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण इतकी माणसं, इतकी वर्षं कमावलेलं नाव, पाठीवरची ती थाप. मी हसलो आणि नमस्कार केला. लोक अळ्या घेऊन गेले. त्यातल्या कुणाचंही पीक गेलं नाही, आणि पुढच्या बॅचची नावं त्याच दिवशी लिहिली गेली.

त्या तारिफीवर मला पुढे आणखी चार सेंटरांची कामं मिळाली. प्रत्येक ठिकाणी मी पॅनलच्या बाहेर वाफेचं वेगळं बटन बसवलं. लोक विचारायचे, "हे काय, वायरमन?" मी सांगायचो, "ताईचं बटन." "कोणती ताई?" तर मी म्हणायचो, "असतं असं. तसं नावच हाय त्याचं."

गेल्या महिन्यात कुरुंद्याला गेलो होतो. ताईंच्या पदराला आता गाठ नाही. जुना डबा त्यांनी टाकला नाही, लाल खुंट्या परत चकतीवर खोचून कपाटावर ठेवलाय. त्यातली एक काढून त्यांनी मला दिली. मी म्हटलं, "ताई, मी ती गोष्ट अंकात लिहून राहिलो. खरं काय झालं ते." त्या पाला कापत होत्या. विळा थांबला नाही. म्हणाल्या, "रेखाचं नाव घाला बरं का. बादल्या तिनं आणल्या."

दाजीबांना हल्ली वाचता येत नाही, नजर अधू झाली आहे. साखऱ्याला हा अंक जाईल तेव्हा त्यांच्या घरातल्या कुणीतरी एवढं त्यांना वाचून दाखवावं. दाजीबा, त्या बॅचच्या वेळी मशीननं कमाल केली नव्हती. मशीन तुमच्या अळ्या बिघडवत होतं, कारण मी त्याला तसं सांगून, कुलूप घालून, किल्ली घेऊन निघून गेलो होतो. तुमचं पीक सुमनताई आणि रेखाबाईंनी बादल्यांनी वाचवलं. त्या दिवशी तुमच्यासमोर हे बोलायची माझी हिंमत झाली नाही.